युरियाच्या गोणीतला किती नायट्रोजन हवेत उडून जातो? आणि तो मोजतात तरी कसा?

2025 च्या खरिपात युरियासाठी लागलेल्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील. स्वतः उभे राहून नाही, तर निदान मोबाईलवर तरी. कुठे आधार कार्ड घेऊन पहाटेपासून नंबर लावलेले शेतकरी, कुठे "युरिया हवा असेल तर सोबत हे औषधही घ्या" म्हणणारे दुकानदार. महाराष्ट्रात या प्रकाराला 'लिंकिंग' म्हणतात.

1 ऑगस्ट 2025 ला देशात युरियाचा साठा होता साधारण 37 लाख टन. बरोबर एक वर्ष आधी हाच साठा होता 86 लाख टन. आयात घटली, मका आणि भाताचा पेरा वाढला आणि मागणी एकदम अंगावर आली. बातम्या झाल्या, आरोप-प्रत्यारोप झाले. जहाजं किती आली, कारखाने किती चालले, राज्याला कोटा किती मिळाला, सगळ्याचे आकडे बाहेर आले.

पण एक आकडा या सगळ्या चर्चेत कुठेच नव्हता. शेतात टाकलेल्या युरियापैकी किती पिकाला मिळाला आणि किती हवेत उडून गेला?

या प्रश्नाचं वजन किती आहे ते एका गुणाकारातून कळेल. 2024-25 मध्ये देशात सुमारे 388 लाख टन युरिया विकला गेला. युरियातला साधारण 15 टक्के नायट्रोजन वायू होऊन उडतो, असा जगभर वापरला जाणारा एक ढोबळ अंदाज आहे. 388 लाखांचे 15 टक्के म्हणजे 58 लाख टन. आणि त्याच वर्षी आपण परदेशातून आणलेला युरिया होता साधारण 56 लाख टन.

म्हणजे अंदाज बरोबर असेल, तर जेवढा युरिया आपण बाहेरून आणतो, तेवढाच आपल्या शेतातून उडून जातो.

आता या वाक्यातला 'असेल तर' खूप महत्त्वाचा आहे. कारण हा 15 टक्क्यांचा आकडा भारतातल्या शेताशेतात मोजून आलेला नाही. तो कुठून आला, खरा आकडा मोजायला इतका अवघड का आहे आणि मोजला तर आपलं काय बदलेल, हे समजून घेऊया.

युरिया उडतो म्हणजे नेमकं काय होतं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करूया. युरियाचा पांढरा दाणा स्वतः कुठेही उडत नाही. उडतो तो त्यापासून तयार होणारा अमोनिया.

हा वास तुमच्या ओळखीचा आहे. एसटी स्टँडवरच्या मुतारीत शिरल्यावर नाकात जे झणझणतं, तोच हा अमोनिया. लघवीत युरिया असतो, बॅक्टेरिया तो फोडतात आणि अमोनिया सुटतो. शेतात अगदी हेच घडतं.

मातीत, पालापाचोळ्यात 'युरिएज' नावाचं एक एन्झाइम असतं. ओलावा मिळाला की युरियाचा दाणा विरघळतो आणि युरिएज त्याला फोडायला लागतं. त्यातून तयार होतं अमोनियम. हे अमोनियम पिकाच्या कामाचं असतं. मातीचे कण ते धरून ठेवतात, मुळं ते शोषून घेतात.

अडचण अशी आहे की युरिया फुटताना दाण्याभोवतीच्या मातीचा पीएच वाढतो, म्हणजे तेवढा भाग अल्कधर्मी होतो. आणि पीएच वाढला की अमोनियमचं रूपांतर अमोनिया वायूत होतं. पाण्यात 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल, तर शंभरातला एक भागही अमोनिया वायूच्या रूपात नसतो. पीएच सव्वाआठ झाला की शंभरातले 9 भाग आणि सव्वानऊला निम्मे. युरियाच्या दाण्याजवळ काही दिवस पीएच 9 च्या आसपास जाऊ शकतो.

हे सगळं जमिनीच्या वरच्या थरात घडलं, तर तो वायू अडवणारं कुणी नसतं. तो थेट हवेत जातो. हेच जमिनीत काही सेंटीमीटर खाली घडलं, तर वर येता येता मातीचे कण आणि मातीतलं पाणी त्याला पकडतात.

म्हणून युरिया नुसता फोकून दिला आणि वर उन्हाचा चटका, वारा असेल, तर नुकसान सर्वात जास्त. त्यातही रिपरिप पाऊस वाईट. दाणा विरघळण्यापुरती ओल मिळते, पण युरिया खाली मुरत नाही. चांगला मुरवणीचा पाऊस आला तर मात्र युरिया पाण्याबरोबर खाली उतरतो आणि वाचतो.

महाराष्ट्राचा बराच भाग काळ्या जमिनीचा आहे. या जमिनीचा पीएच साधारण साडेसात ते साडेआठ असतो, अनेक ठिकाणी चुनखडी असते. म्हणजे अमोनिया उडायला सोयीची परिस्थिती. पण याच काळ्या जमिनीत चिकण माती भरपूर असते आणि ती अमोनियम घट्ट धरून ठेवते. एक गुण नुकसान वाढवतो, दुसरा कमी करतो. दोघांत कोण जिंकतं, हे त्या शेतात मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

मग मोजायला अडचण काय आहे?

अमोनिया दिसत नाही, हे एक. पण ती खरी अडचण नाही.

खरी अडचण म्हणजे अमोनिया चिकट आहे. गोंदासारखा नाही, पण तो ज्या पृष्ठभागाला लागेल तिथे बसतो. प्लॅस्टिकची नळी, काचेचं भांडं, दवाचा थेंब, पिकाचं पान, कशावरही. पाण्यात तर तो चटकन विरघळतो. त्यामुळे हवेचा नमुना यंत्रापर्यंत नेईपर्यंत त्यातला काही अमोनिया वाटेतच गळतो.

दुसरी अडचण म्हणजे तो सारखा बदलतो. दुपारी भरपूर, रात्री जवळपास बंद. खत दिल्यावर पहिल्या आठवडा-दहा दिवसांत बहुतेक खेळ संपतो, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर उसळी येते. म्हणजे आठवड्यातून एकदा जाऊन नमुना घेतला, तर उसळी निसटण्याचीच शक्यता जास्त.

आणि तिसरी, सर्वात मोठी अडचण. मोजण्यासाठी तुम्ही जे काही कराल, त्यानेच मोजायची गोष्ट बदलते. हे कसं, ते पद्धती पाहिल्या की कळेल.

पद्धत पहिली: डबा पालथा घाला

सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे जमिनीवर एक डबा पालथा घालायचा. आत एका वाटीत सौम्य आम्ल ठेवायचं. जमिनीतून निघालेला अमोनिया आम्लात अडकतो. ठरावीक वेळाने वाटी प्रयोगशाळेत न्यायची, आम्लात किती नायट्रोजन जमा झाला ते काढायचं. भारतातल्या कृषी विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत झालेल्या मोजण्यांपैकी अनेक याच जातकुळीतल्या आहेत.

याची एक भन्नाट आवृत्ती ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी काढली. कोल्ड्रिंकची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, तळ कापायचा आणि जमिनीवर उभी करायची. आत आम्ल आणि ग्लिसरीनमध्ये भिजवलेली फोमची पट्टी लटकवायची. झाला अमोनिया मोजायचा सापळा. खर्च जवळपास शून्य.

पण डबा ठेवला की आतलं हवामान बदलतं. वारा थांबतो. ऊन कोंडतं. दव आणि पाऊस आत येत नाही. वारा थांबला की अमोनिया कमी निघतो, तापमान वाढलं की जास्त निघतो. म्हणजे डब्यात जे मोजलं जातं ते डब्यातल्या जमिनीचं असतं, शेजारच्या उघड्या शेताचं नसतं.

ब्राझीलच्या त्या शास्त्रज्ञांनी हे तपासूनही पाहिलं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बाटलीत सापडलेला अमोनिया खऱ्या नुकसानापेक्षा बराच कमी निघाला. खरा आकडा मिळवायला बाटलीतल्या आकड्याला साधारण पावणेदोनने गुणावं लागलं. हा दुरुस्तीचा आकडा त्या बाटलीचा, त्या परिस्थितीतला. दुसरा डबा, दुसरं हवामान असेल तर तो पुन्हा काढायला हवा. ज्या अभ्यासात अशी दुरुस्ती केलेली नसते, तिथला आकडा नुकसान कमी दाखवत असू शकतो.

शिवाय बाटलीखाली जमीन किती येते? 10 सेंटीमीटर व्यासाची बाटली धरली तर 80 चौरस सेंटीमीटरच्या आत. एका हेक्टरात अशा साडेबारा लाखांहून जास्त बाटल्या मावतील. म्हणजे एका बाटलीच्या मोजणीत एक मिलिग्रॅम नायट्रोजनची चूक झाली, तर हेक्टरी हिशोबात ती सव्वा किलोहून मोठी होते. युरियाचा एखादा दाणा बाटलीखाली जास्त पडला, की आकडा हलला.

पद्धत दुसरी: वाऱ्याचा हिशोब

डबा वापरलाच नाही तर? तर वाऱ्यालाच कामाला लावायचं.

शेतात गोल आकाराचा तुकडा आखायचा आणि फक्त त्यात खत द्यायचं. मधोमध एक खांब उभा करायचा. खांबावर वेगवेगळ्या उंचीला अमोनिया पकडणारे नमुनासंग्राहक लावायचे आणि वाऱ्याचा वेग मोजायचा. वारा कुठूनही आला तरी खांबापर्यंत येताना खत दिलेल्या जमिनीवरून सारखंच अंतर कापतो, म्हणून गोल आकार. प्रत्येक उंचीवर हवेत अमोनिया किती आणि वारा किती, यांचा गुणाकार करायचा, सगळ्या उंचींची बेरीज करायची, गोलाच्या त्रिज्येने भागायचं. जमिनीतून किती अमोनिया निघाला ते मिळतं.

1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी यासाठी एक साधं उपकरण बनवलं. ते वाऱ्याच्या दिशेने आपोआप वळतं, आतल्या भागाला आम्लाचा थर दिलेला असतो आणि वीज लागत नाही. आज याच्या पुढच्या पद्धतीही आहेत. शेतावरून लेझरचा किरण सोडून वाटेतला अमोनिया मोजायचा, किंवा सेकंदाला दहा-दहा वेळा मोजणारी यंत्रं लावायची.

या पद्धतीत जमीन, ऊन, पाऊस, वारा कशालाच हात लागत नाही. म्हणून हे आकडे जास्त विश्वासाचे मानले जातात. पण त्यासाठी मोठा, सपाट, मोकळा तुकडा लागतो आणि आजूबाजूच्या शेतात त्याच वेळी कुणी खत टाकलेलं नको. जवळ गोठाही नको, कारण शेण-मुतातूनही अमोनिया निघतो.

आता हे आपल्याकडे करून बघा. बहुतेकांकडे एक-दोन एकर, बांधाला बांध लागून. पाऊस झाला की सगळा गाव एकाच दिवशी युरिया टाकतो. प्रत्येक वस्तीला गोठा. जी पद्धत चांगली, तिला लागणारी परिस्थिती आपल्या गावांत सहज मिळत नाही.

मग वरूनच बघितलं तर?

उपग्रह हा तिसरा मार्ग. 2006 मध्ये सोडलेल्या युरोपच्या मेटॉप उपग्रहावर 'आयासी' नावाचं उपकरण होतं. त्याच्या नोंदींवरून 2009 मध्ये अमोनियाचा जागतिक नकाशा प्रसिद्ध झाला आणि त्यात जगातल्या सर्वात गडद पट्ट्यांपैकी एक होता आपला. पंजाबपासून बंगालपर्यंतचं सिंधू-गंगेचं मैदान. 2018 मध्ये नऊ वर्षांच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी जगभरातली अमोनिया सोडणारी 248 ठळक ठिकाणं शोधली. त्यात मोठमोठे पशुपालनाचे तळ होते आणि खतांचे कारखानेही.

उपग्रहाची ताकद ही की तो कुणाच्या परवानगीची वाट बघत नाही. मर्यादा ही की त्याच्या नजरेतला एक ठिपका साधारण बारा किलोमीटर रुंद असतो. त्यात शंभर शेतं, हजार जनावरं, एखादं गाव आणि कचरा डेपो असं सगळं एकत्र येतं. 2019 च्या पशुगणनेनुसार देशात 53 कोटींहून जास्त जनावरं आहेत. ठिपका लाल दिसला, तर त्यात युरियाचा वाटा किती आणि गोठ्याचा किती, हे उपग्रह एकटा सांगू शकत नाही. त्यासाठी पुन्हा जमिनीवर यावं लागतं.

15 टक्के हा आकडा मग आला कुठून?

हवामान बदलावर काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या समितीने देशांना आपापल्या उत्सर्जनाचा हिशोब करता यावा म्हणून काही ठरीव आकडे दिलेत. ज्या देशाकडे स्वतःच्या मोजण्या नाहीत त्याने हे वापरावेत. 2006 मध्ये सगळ्या रासायनिक खतांसाठी मिळून 10 टक्के असा एकच आकडा होता. 2019 च्या सुधारणेत खतानुसार वेगळे आकडे आले. युरियासाठी 15 टक्के. यात अमोनियाबरोबर नायट्रोजनचे ऑक्साइडही मोजलेत, पण मोठा वाटा अमोनियाचाच.

या 15 च्या पुढे एक कक्षाही दिली आहे. 3 ते 43 टक्के.

ती एका गोणीला लावून बघा. आपली युरियाची गोणी 45 किलोची. 3 टक्के धरले तर गोणीमागे दीड किलोहून कमी युरिया वाया गेला. 43 टक्के धरले तर 19 किलोहून जास्त. एका शेतकऱ्याचं ओंजळभर गेलं, दुसऱ्याची जवळपास निम्मी गोणी गेली. आणि देशाच्या हिशोबात दोघांचेही पावणेसात किलो.

2016 मध्ये जगभरातल्या शेकडो मोजण्या एकत्र करून केलेल्या एका अभ्यासातही हेच चित्र दिसलं. सरासरी नुकसान 18 टक्के, पण वेगवेगळ्या ठिकाणी एक टक्क्यापासून 64 टक्क्यांपर्यंत. सरासरी चुकीची नाही. पण कोकणातल्या भातखाचराला आणि मराठवाड्यातल्या कपाशीला ती एकसारखी लावली, तर कुणाचंच खरं चित्र त्यातून मिळत नाही.

पण युरियाला आता कडुनिंबाचं लेपन असतं ना?

हा प्रश्न नक्की येणार. 2015 पासून देशातला सगळा अनुदानित युरिया कडुनिंबाचं लेपन करूनच विकला जातो. त्याचे दोन हेतू होते. युरिया कारखान्यांकडे वळू नये आणि शेतात तो हळूहळू लागू व्हावा.

इथे एक बारकावा आहे. मातीतून नायट्रोजन निसटायच्या वाटा अनेक आहेत. एक वाट अमोनिया होऊन हवेत जाण्याची. दुसरी, अमोनियमचं नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली वाहून जाण्याची. कडुनिंब मुख्यतः दुसरी वाट अडवतो. अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना तो मंद करतो.

पण त्यामुळे नायट्रोजन अमोनियमच्या रूपात जास्त दिवस राहतो. आणि हवेत उडण्याचा धोका अमोनियमलाच असतो. 2016 च्या त्याच अभ्यासात नायट्रेटची वाट अडवणारी रसायनं वापरल्यावर अमोनियाचं नुकसान सरासरी 38 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. हा आकडा कडुनिंबाचा नाही, त्या गटातल्या रसायनांचा आहे. पण एवढं तरी लक्षात येतं की एक भोक बुजवलं म्हणजे टाकी गळायची थांबत नाही.

अमोनियाची वाट अडवायची तर युरिएजला थोपवावं लागतं. त्यासाठी 'युरिएज रोधक' नावाची वेगळी रसायनं असतात. त्याच अभ्यासात त्यांनी नुकसान सरासरी 54 टक्क्यांनी कमी झालं. जर्मनीत 2020 पासून नियमच आहे की युरियात युरिएज रोधक असला पाहिजे, नाहीतर टाकल्यापासून चार तासांच्या आत तो मातीत मिसळला पाहिजे. आपल्याकडे कडुनिंबाचं लेपन बंधनकारक आहे, युरिएज रोधक नाही.

शेतातला अमोनिया शहराच्या फुप्फुसात

"मी शेती करत नाही, मला काय त्याचं?" असं वाटत असेल, तर हा भाग तुमच्यासाठी.

हवेत गेलेला अमोनिया गाड्या, वीज प्रकल्प आणि कारखान्यांतून निघणाऱ्या आम्लधर्मी वायूंना भेटतो. त्यातून अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म कण तयार होतात. हे कण म्हणजे पीएम 2.5 चाच एक भाग. अमोनिया वायू काही तास ते काही दिवस टिकतो, पण हे कण वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. दिल्लीच्या हिवाळी धुक्यावर पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था 2015 पासून काम करतेय. त्या धुक्यातल्या कणांच्या अभ्यासातही अमोनियम हा एक महत्त्वाचा घटक आहे.

गंमत म्हणजे भारताच्या हवेच्या निर्देशांकात, म्हणजे रोज मोबाईलवर दिसणाऱ्या एक्यूआयमध्ये, अमोनियाचा समावेश आहे. आठ प्रदूषकांमध्ये तो एक. 2009 च्या मानकांनुसार 24 तासांची मर्यादा 400 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. पण ही मर्यादा अमोनिया स्वतः किती घातक आहे हे बघते. त्यातून पुढे किती पीएम 2.5 तयार होणार, हे बघत नाही. आणि मोजणारी केंद्रं बहुतेक शहरांत आहेत. अमोनिया निघतो शेतात आणि गोठ्यात.

40 रुपयांसाठी कोण मजुरी देणार?

आता पैशाकडे येऊया. हे सगळं माहीत असूनही शेतकरी युरिया मातीआड का करत नाही?

45 किलोची गोणी शेतकऱ्याला साधारण 266 रुपयांना पडते. 15 टक्के वाया गेला, तर त्याचं नुकसान 40 रुपये. तो वाचवायला कोळपणीच्या मागे मजूर लावायचा, तर खर्च त्याहून कितीतरी जास्त. शेतकऱ्याचा हिशोब अगदी बरोबर आहे. दोन दाणे जास्त टाकणं स्वस्त पडतं.

पण त्याच गोणीचा खरा खर्च सुमारे 2,200 रुपये असल्याचं केंद्र सरकारने 2023 मध्ये सांगितलं होतं. त्या भावाने 15 टक्के म्हणजे 330 रुपये. त्यातले बहुतेक सरकारच्या खिशातून जातात, म्हणजे तुमच्या-माझ्या कराच्या पैशातून. 2025-26 च्या अर्थसंकल्पात युरियाच्या अनुदानासाठी सुमारे 1.19 लाख कोटी रुपये धरले होते. त्याचे 15 टक्के काढले तर होतात जवळपास 18 हजार कोटी.

यातला प्रत्येक रुपया वाचवता येणार नाही. थोडं नुकसान होणारच. पण एवढ्या मोठ्या रकमेचा काही भाग ज्या वाटेने जातो, ती वाट कुठे रुंद आणि कुठे अरुंद आहे, हे मोजायला लागणारा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत नायट्रोजनच्या शाश्वत वापराचा ठराव भारतानेच पुढे आणला होता. त्याच वर्षीच्या कोलंबो जाहीरनाम्यात 2030 पर्यंत नायट्रोजनची नासाडी निम्मी करायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. निम्मी करायची, तर आधी आज किती होते ते माहीत हवं.

उपाय आपल्या घरातच होते

नुकसान कमी करायची मुख्य युक्ती जुनी आहे. युरिया मातीआड करा. 2016 च्या त्या अभ्यासात खोल खत दिल्याने नुकसान सरासरी 55 टक्क्यांनी आणि खतानंतर पाणी दिल्याने 35 टक्क्यांनी कमी झालं.

कोकणातल्या भात उत्पादकांना 'चारसूत्री' पद्धत माहीत असेल. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या या पद्धतीतलं चौथं सूत्र म्हणजे युरिया-डीएपीची ब्रिकेट, म्हणजे खताची गोळी. चार चुडांच्या मधोमध एक गोळी, 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचायची. भातखाचरात याचा फायदा मोठा, कारण दिवसा पाण्यातलं शेवाळ पाण्याचा पीएच वाढवतं आणि वर फोकलेला युरिया तिथून सहज उडतो. गोळी चिखलात असली की ती या सगळ्याच्या खाली राहते.

ऊस पट्ट्यात खोडव्याला पहारीने भोक घेऊन खत द्यायची शिफारस आहे. तत्त्व तेच. पण तिथेच पाचट कुजावं म्हणून त्यावर थोडा युरिया टाकायचीही शिफारस आहे, आणि पाचटासारख्या वाळलेल्या अवशेषांवर युरिएज भरपूर असतं. मग त्या युरियातला किती पाचट कुजवायला लागतो आणि किती उडतो? हा प्रश्न पाचट ठेवावं की नाही याचा नाही, पाचट ठेवायलाच हवं. त्यावर युरिया टाकून लगेच पाणी दिलं तर किती फरक पडतो, याचा आहे. असे प्रश्न दिल्लीतल्या सरासरीने सुटत नाहीत. त्या त्या उसाच्या फडात मोजूनच सुटतात.

मोजलं तर काय बदलेल?

पहिलं म्हणजे खताची शिफारस. आज माती परीक्षणाच्या कार्डावर पीएच छापलेला असतो. साडेआठ पीएचच्या चुनखडीच्या शेतात वर टाकलेल्या युरियाचं किती नुकसान होतं हे त्या भागात मोजलेलं असेल, तर त्याच कार्डावर 'वर टाकू नका' असं लिहिता येईल.

दुसरं म्हणजे अनुदान. युरिएज रोधकावर पैसे घालायचे, ब्रिकेट बनवणाऱ्या यंत्रावर घालायचे की खत पेरणाऱ्या अवजारांवर, हे कुठे किती उडतं हे कळल्यावरच ठरवता येतं. सगळ्या देशाला एकच लेप लावणं सोपं असतं, पण सगळीकडे आजार तोच नसतो.

तिसरं, शहरांच्या हवेचा आराखडा. पीएम 2.5 कमी करायचं म्हटलं की आपण गाड्या, धूळ आणि शेकोट्यांकडे बघतो. अमोनियाचा वाटा माहीत नसेल, तर त्या यादीत गोठा आणि शेत येतच नाही.

यासाठी प्रत्येक शेतात लेझर लावायची गरज नाही. प्रत्येक प्रकारच्या जमिनीत एखाद्या ठिकाणी खांबाची पद्धत वापरून पक्का आकडा काढायचा, त्यावरून स्वस्त बाटल्यांचा दुरुस्तीचा गुणक ठरवायचा आणि मग बाटल्या अनेक शेतांत न्यायच्या. कृषी विद्यापीठं आहेत, कृषी विज्ञान केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. एका हंगामातले खत दिल्यानंतरचे दहा-पंधरा दिवस, एवढीच ती मोजणी.

तोपर्यंत शेतकरी काय करू शकतो? युरिया एकदम न टाकता हप्त्यांत विभागून द्या. फोकल्यावर लगेच कोळपणी किंवा डवरणी होईल असा दिवस धरा. पाणी हाताशी असेल तर टाकल्यावर लगेच द्या, ठिबक असेल तर त्यातूनच सोडा. कोरडवाहू असेल तर चांगल्या पावसाच्या अंदाजाआधी टाका, रिपरिप थांबल्यावर उन्हात नको. चुना किंवा राख टाकलेल्या जागी युरिया वर टाकू नका.

पुढच्या वेळी युरियाचा तुटवडा आला की पुन्हा जहाजांची आणि कोट्याची चर्चा होईल. ती व्हायलाच हवी. त्या वेळी आपल्या लोकप्रतिनिधींना एक प्रश्न आणखी विचारा. रांगेत उभं राहून आणलेल्या गोणीतले आमच्या तालुक्यात किती किलो उडून जातात, हे कुणी कधी मोजलंय का?